एचडी ६०० साठी टेबलावरचा डॅक-अँप: वीस हजारांत काय घ्यावं? (नाशिक)

इंदिरानगरी

नमस्कार मंडळी. डॅक (डिजिटल आवाजाचा विद्युत सिग्नल करणारा) आणि अँप (तो सिग्नल मोठा करणारा) यांबद्दल विचारायचं आहे. दिवाळीच्या बोनसमधून सेनहायजरचे एचडी ६०० घेतले. काम घरूनच असतं, त्यामुळे दिवस टेबलाशीच जातो आणि रात्री घर झोपलं की शास्त्रीय ऐकत बसतो. हेडफोन अप्रतिम आहेत, त्याबद्दल काही म्हणणं नाही. अडचण लॅपटॉपची आहे. आवाज शंभरावर नेला तरी जुन्या ध्वनिमुद्रणांतला विलंबित ख्याल लांबून आल्यासारखा वाटतो. तानपुरा तर जवळजवळ नाहीच. चार्जर लावला की बारीक गुणगुण सुरू होते, काढला की थांबते. आणि लॅपटॉपच्या धातूच्या कडेवर मनगट टेकलं की झिणझिण्या येतात. हे दुखणं वेगळं असेल तर तेही सांगा.

एम. जी. रोडवर चौकशी केली. गेमिंग हेडसेट आणि साउंडबार हवे तेवढे आहेत, पण हेडफोनचा अँप ठेवणारं मला तरी कोणी भेटलं नाही. इंटरनेटवर वाचून डोक्यात तीन पर्याय आहेत: फीओ के७, आयफाय झेन डॅक, किंवा टॉपिंगचे डॅक आणि अँप वेगवेगळे. कोणी म्हणतं डॅकमधली एकेएम कंपनीची चिप गोड, कोणी म्हणतं ईएसएसची कोरडी. बॅलन्स्ड (डाव्या-उजव्या कानाच्या तारा पूर्ण वेगळ्या ठेवणारी जोडणी) घेतलं नाही तर पैसे वाया, असंही वाचलं. बजेट वीस हजार. पंचवटी एक्सप्रेस पकडून मुंबईला जाऊन प्रत्यक्ष ऐकून यावं का?

रियाज_गंगापूररोड

मी गाणं शिकवते, त्यामुळे सल्ला माझ्या कामापुरता. तुम्ही कधी काही रेकॉर्ड करणार असाल, स्वतःचा रियाज किंवा मुलांचा आवाज, तर नुसता डॅक-अँप घेण्याआधी ऑडिओ इंटरफेसचा विचार करा. माझ्याकडे फोकसराइटचा स्कार्लेट आहे. माइक त्यातच लागतो, हेडफोनही त्यातच. ऑनलाइन शिकवणीला माझे बेयरडायनॅमिकचे ८० ओहमचे (ओहम म्हणजे हेडफोनच्या विद्युत अवरोधाचं माप) डीटी ७७० त्यावर मस्त चालतात. मात्र एका विद्यार्थ्याचे ३०० ओहमचे हेडफोन लावून पाहिले तेव्हा नॉब शेवटपर्यंत न्यावा लागला. फक्त ऐकायचंच असेल तर तुमच्या हेडफोनला इंटरफेस नको.

चिप गोड की कोरडी यात मला पडायचं नाही. एवढं सांगते, की तानपुरा नीट ऐकू आला नाही तर गाणाऱ्याचा षड्ज कुठे टेकतोय ते कळत नाही, आणि अर्धं गाणं तिथेच निसटतं. म्हणून तुमची तक्रार मला पूर्ण पटली.

सातपूरकर

इंदिरानगरी, आधी झिणझिण्यांचं बघू, कारण ते जिवाशी आहे. हेडफोन नंतर.

चार्जर तीन पिनांचा आहे का? असेल, तर तुमच्या सॉकेटमधल्या अर्थिंगच्या भोकात बहुतेक काही पोचत नाहीये. या चार्जरमध्ये गोंगाट गाळायला छोटे कपॅसिटर असतात आणि त्यांतून थोडा विद्युतप्रवाह बाहेरच्या धातूकडे झिरपतो. अर्थिंग असलं तर तो गपचूप जमिनीत जातो, नसलं तर लॅपटॉपच्या पत्र्यावर थांबतो. तेच मनगटाला लागतं. गुणगुणही चार्जरबरोबरच येते-जाते, तेव्हा तिचं मूळही तिथेच असण्याचा संभव मोठा. जाणत्या वायरमनला बोलावून फेज आणि अर्थ यांमध्ये दिवा लावून दाखवायला सांगा. तो पूर्ण तेजाने पेटला पाहिजे. न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेजही मोजायला सांगा, तो जेमतेम दोन-तीन व्होल्टच असावा. हे काम स्वतः करू नका. पंचवटीतल्या जुन्या घरांत आणि सिडकोतल्या काही बिल्डिंगांत मी असे सॉकेट पाहिलेत, जिथे तिसरी वायर डब्यापर्यंत आलीये पण पिनेला जोडलेलीच नाही. वीस हजारांचा अँप आणून असल्या सॉकेटवर लावण्यात अर्थ नाही.

आता चिपचं नाव डोक्यातून काढा आणि हिशेब करा. मी कारखान्यात मापन-यंत्रं तपासण्याचं काम करतो, त्यामुळे मला आकड्यांशिवाय बोलता येत नाही, समजून घ्या.

एचडी ६०० म्हणजे ३०० ओहम, आणि १ मिलिवॅटला आवाज ९७ डेसिबल. ३०० ओहमवर १ मिलिवॅटला सुमारे ०.५५ व्होल्ट लागतो. रात्री शांत घरात आपण साधारण ७०-७५ डेसिबलला ऐकतो. द्रुतमधली तान, तबल्याची उघडी थाप क्षणभर त्याच्याहून २०-२५ डेसिबल वर जाते. म्हणजे शिखर १०० च्या आसपास धरा. त्याला २ मिलिवॅट, पाऊण व्होल्टच्या जरा वर. एवढं लॅपटॉप कसंबसं देत असेल, म्हणून नवी गाणी तुम्हाला बरी ऐकू येत असतील. जुनी ध्वनिमुद्रणं मात्र मुळातच हलक्या पातळीवर उतरवलेली असतात. त्यांच्यासाठी आणखी १० डेसिबल हाताशी ठेवायचे तर शक्ती दहापट, म्हणजे २० मिलिवॅट, आणि व्होल्टेज अडीचच्या जवळ. तुम्हाला विकत घ्यायची आहे ती एवढीच गोष्ट.

के७ च्या जाहिरातीत २००० मिलिवॅट लिहिलेले असतात. ते ३२ ओहमवरचे आणि बॅलन्स्ड जोडणीचे. ३०० ओहमवर आकडा बराच उतरतो, पण २० मिलिवॅटच्या कितीतरी वर राहतो, तेही साध्या ६.३५ मिलिमीटरच्या जॅकवर. म्हणून तुमच्यासाठी बॅलन्स्डची गरज नाही. बॅलन्स्डमध्ये व्होल्टेज दुप्पटीपर्यंत जातो, त्याचा फायदा हायफायमन एचई४००एसई सारख्या, चालवायला जड असलेल्या प्लॅनर (सपाट पडद्याच्या) हेडफोनला होतो. तुमच्याकडे तो जोर पडून राहील, शिवाय केबल वेगळी घ्यावी लागेल.

अँपचा आउटपुट अवरोध, म्हणजे त्याचा स्वतःचा आतला अवरोध, पाहा. हेडफोनच्या अवरोधाच्या आठव्या भागापेक्षा कमी असला की झालं. ३०० ला ३७ पर्यंत चालतो, आणि आजचे बरे अँप १-२ ओहमच्या आतच असतात. माझ्या टेबलावरचा अँप ओ२ जातीचा आहे. २०११ साली टोपणनावाने लिहिणाऱ्या एका अभियंत्याने त्याचा आराखडा सगळ्यांसाठी खुला केला, प्रत्येक भाग का निवडला हे मोजमापांसकट लिहिलं आणि पुढच्या वर्षी लिहिणं थांबवलं. मी सुटे भाग मागवून तो हाताने जोडला. आत एनजेएम४५५६ सारख्या साध्या चिपा आहेत, कुठलंही महागडं नाव नाही. त्यावर एचडी ६०० वाजतात ते ऐकून मला आणखी काही घ्यावंसं वाटलेलं नाही.

राहिला डॅक. सीडीच्या १६ बिटांना ९६ डेसिबलचा पल्ला असतो. आपले द. वि. पलुस्कर घ्या. नाशिकचा जन्म, १९२१ चा, आणि १९५५ सालीच गेले. ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर एका बाजूला साडेतीन मिनिटं, एकच चॅनेल, खाली सतत खरखर. त्या ध्वनिमुद्रणात जे आहे ते सगळं साधा १६ बिटांचा डॅक पूर्ण बाहेर काढतो. आजचा कुठलाही नीट बनवलेला डॅक त्या खरखरीपेक्षा फार फार शांत असतो. एकेएम की ईएसएस हा फरक, दोघांची पातळी मोजून सारखी केली तर, मला ओळखता येत नाही. आणि पातळी सारखी केली नाही तर अर्धा डेसिबल मोठा वाजणारा नेहमी 'गोड' वाटतो. दुकानात जाऊन ऐकण्यातली फसगत हीच आहे, त्यासाठी मुंबईला जाऊ नका. जायचंच तर हेडफोन डोक्यावर कसे बसतात ते बघायला जावं, आणि ते तर तुम्ही घेतलेत.

माझं मत: एकच डबा, केबलींचा पसारा नको असेल तर के७, भारतातल्या अधिकृत विक्रेत्याकडून, बिलासकट. पैसे वाचवायचे असतील तर अॅपलचा छोटा यूएसबी-सी डोंगल (यूएसबीतून हेडफोनचा जॅक काढून देणारा तुकडा) डॅक म्हणून, आणि पुढे एक चांगला साधा अँप. तो डोंगल १ व्होल्ट देतो. अँड्रॉइड फोनवर आवाज कमी येतो ही त्याची जुनी खोड, पण विंडोज लॅपटॉपवर तो नीट चालतो.

व्हॉल्व्हप्रेमी

सातपूरकरांचा हिशेब बरोबर आहे, पण सगळं हिशेबात मावत नाही. मी नाशिकरोडला असतो, एचडी ६५० वर बॉटलहेडचा क्रॅक वापरतो. व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) अँप, संचातून जोडलेला. किशोरीताईंचा खर्जातला स्वर त्यावर जसा भरतो तसा कुठल्याच चिपच्या अँपवर भरताना मी ऐकला नाही. तुमच्या नियमाप्रमाणे त्याचा आउटपुट अवरोध फार जास्त आहे. तरी तो मला आवडतो. नवख्या माणसाने निदान एकदा ऐकावा.

सातपूरकर

व्हॉल्व्हप्रेमी, तुम्ही ऐकता ते खरंच आहे, आणि ते हिशेबात मावतंही. क्रॅकचा आउटपुट अवरोध १२० ओहमच्या आसपास. एचडी ६०० आणि ६५० चा अवरोध सगळीकडे ३०० नसतो, खालच्या स्वरांत १०० हर्ट्झच्या आगेमागे तो ५०० च्या घरात चढतो. आता व्होल्टेजची वाटणी करा: ३०० ला ४२० तले ३००, ५०० ला ६२० तले ५००. दोहोंतला फरक सुमारे १ डेसिबल निघतो. तुमचा भरलेला खर्ज तो हाच. कानाला सुखद लागतो याबद्दल माझा वाद नाही. पण तो हवा असेल तर इक्वलायझरवर १०० हर्ट्झला १ डेसिबल चढवून कोणालाही फुकट मिळेल, आणि नको तेव्हा काढता येईल. वीस हजारांत पहिलाच अँप घेणाऱ्याने सरळ वाजणारा घ्यावा असं मी म्हणतो ते एवढ्यासाठीच.

इंदिरानगरी

सगळ्यांचे मनापासून आभार. वायरमन येऊन गेला. तुम्ही म्हणालात तेच निघालं, सॉकेटच्या मागे हिरवी वायर नुसती दुमडून ठेवलेली होती. जोडल्यावर झिणझिण्या गेल्या आणि गुणगुणही गेली. बायकोने त्याच्याकडून लगेच स्वयंपाकघरातलेही सॉकेट तपासून घेतले.

अॅपलचा डोंगल आणला. तानपुरा आता आहे, पण जुन्या मुद्रणांना अजून थोडा जोर हवाच. देवळाली कॅम्पात एक गृहस्थ वापरलेला जेडीएस लॅब्सचा अॅटम अँप विकतायत, नव्याच्या बऱ्याच खाली. अमेरिकेहून येताना आणलेला आहे. घेऊ का? घेताना काय बघू? आणि पुढे कधी बॅलन्स्ड अँप घेतला तर ४.४ मिलिमीटरच्या बॅलन्स्ड जॅकचा साधा अडॅप्टर लावून याच केबलवर चालेल ना?

सातपूरकर

अर्थिंगचं झालं, फार बरं वाटलं.

अडॅप्टरचं आधी: नाही. बॅलन्स्ड आउटपुटमध्ये डाव्या-उजव्याच्या दोन्ही ऋण तारा वेगळ्या असतात आणि दोन्हींवर सिग्नल असतो. साध्या तीन-भागी जॅकचा अडॅप्टर त्यांना एकत्र जोडतो, आणि अँपचे आउटपुट एकमेकांवर शॉर्ट होतात. अँप जळू शकतो. एचडी ६०० ची केबल निघते, तेव्हा लागलीच तर पूर्ण वेगळी केबल घ्या.

अॅटम घ्या, तुमच्या कामाला पुरून उरेल. पण अमेरिकेहून आणलेला म्हणता, तर सगळ्यात आधी भिंतीतला अडॅप्टर उलटा करून त्यावरची अक्षरं वाचा. हा अँप एसी अडॅप्टरवर चालतो, आत साधा ट्रान्सफॉर्मर असतो. लॅपटॉपच्या चार्जरसारखा तो १०० ते २४० कुठेही चालत नाही. त्यावर फक्त १२० व्होल्ट लिहिलं असेल तर आपल्या २३० वर लावायचाच नाही. विकणाऱ्याने इथे कशावर चालवला ते विचारा. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर वापरत असतील तर तो सोबत घ्या, किंवा २३० चा, तेवढ्याच व्होल्टचा आणि एसी आउटपुटचाच अडॅप्टर मिळवा. डीसी चालणार नाही. घरी स्क्वेअर वेव्हचा जुना इन्व्हर्टर असेल तर लाइट गेल्यावर ट्रान्सफॉर्मर घरघरेल, तेव्हा ऐकणं थांबवा.

मग नॉब. डोंगल आणि हेडफोन घेऊनच जा. पलुस्करांचं किंवा त्या काळातलं कुठलंही एका चॅनेलचं मुद्रण लावा. असं मुद्रण हेडफोनवर डोक्याच्या बरोबर मधोमध बसतं, दोन भुवयांच्या मागे. आता नॉब तळापासून अगदी सावकाश वर न्या. तळाच्या थोड्याशा भागात आवाज एका कानाकडे झुकेल, स्वस्त-महाग बहुतेक पोटेन्शिओमीटरला (नॉबमागच्या भागाला) तेवढं होतं. पण नॉब घड्याळासारखा धरून नऊच्या काट्यापर्यंत तो मधे येऊन स्थिर व्हायला हवा. तिथून वरही कडेला सरकत राहिला, किंवा फिरवताना खरखरला, तर पोटेन्शिओमीटर झिजलाय, भाव पाडा किंवा सोडा. नंतर गाणं थांबवा, गेन (अँप सिग्नल किती पट वाढवतो ते ठरवणारा खटका) वरच्या खाचेवर घ्या, नॉब दोनच्या काट्यावर न्या आणि नुसतं ऐका. काहीही ऐकू यायला नको. हे करताना गाणं चुकून सुरू होणार नाही याची काळजी घ्या, कानाला इजा होईल.

घरी लॅपटॉपचा आवाज शंभरावर, गेन खालच्या खाचेवर, आणि नॉब दहा ते दोनच्या मधे ठेवून बघा. नवी ध्वनिमुद्रणं तिथे बसतील. जुन्यांसाठी खालच्या गेनवर नॉब संपला तरच वर जा, कारण डोंगलच्या १ व्होल्टला अडीचपर्यंत नेणारा तो वरचा गेनच आहे. परत नवं गाणं लावण्याआधी गेन खाली आणायची सवय लावून घ्या. जोर हाताशी आला की आवाज नकळत चढत जातो. ८५ डेसिबलला दिवसाचे ८ तास ही मर्यादा मानतात आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे ९४ ला एकच तास.

रियाज_गंगापूररोड

भुवयांच्या मागे बसणारा आवाज, हे अगदी बरोबर सांगितलंत. आज माझ्या इंटरफेसचा नॉबही असाच तपासते. इंदिरानगरी, अॅटम घेतलात की विलंबितात तानपुऱ्याचा खर्ज वेगळा ऐकू येतो का, ते इथे नक्की लिहा.