अनुभव धागा: स्कोपमधलं दिव्याचं रेटिकल खरंच कामाला येतं का?

नमस्कार मंडळी. नवा स्कोप (बंदुकीवरची दुर्बीण) घ्यायचा म्हटलं की हा प्रश्न हमखास निघतो: रेटिकलला, म्हणजे आत दिसणाऱ्या नेमाच्या रेघांना, दिवा असलेला घ्यावा की साधा? जाहिरातीत काय लिहिलंय ते सगळ्यांनीच वाचलेलं असतं. इथे स्वतः वापरून जे कळलं ते लिहा. नेमबाजी कुठली, झूम किती, उजेड कसा असतो आणि दिवा खरोखर कधी लावता, एवढं आलं तर वाचणाऱ्याला उपयोग होईल.

सुरुवात मी करते. मी फील्ड टार्गेट खेळते. १२ फूट-पाउंड ऊर्जेच्या मर्यादेतली एअर रायफल, समोर प्राण्याच्या आकाराचा पत्रा आणि त्यात एक गोल भोक. छोटी भोकं १५ मिलिमीटरची, मोठी ४० ची. अंतर स्वतःच काढायचं असतं, त्यामुळे झूम भरपूर ठेवावं लागतं. ५० मिमीच्या भिंगावर ४० पट झूम लावलं की डोळ्याकडे येणारी प्रकाशाची चकती सव्वा मिलिमीटरची उरते, म्हणजे चित्र आधीच अंधारलेलं. त्यात पत्रा झाडाखाली असला तर भोक काळं आणि रेटिकलची रेघही काळी. रेघ भोकाच्या मध्यावर आहे की कडेला टेकलीय, ते कळायला मार्ग नसतो. तिथे मी दिवा लावते, सगळ्यात खालच्या पायरीवर. रेघ जराशी तांबूस झाली की पुरे. पुढची लेन (टार्गेटची पुढची पट्टी) उन्हात असली की लगेच बंद.

वारा_बघणारा: मी लांब पल्ल्यावर कागदावर मारतो. पांढरा कागद, लख्ख दिवस, झूम वरच्या टोकाला. मला दिवा लागत नाही आणि असला तरी मी लावत नाही, कारण बारीक रेघेभोवती थोडी जरी लाली पसरली तरी लहान ठिपक्याची कड हरवते. मृगजळातून ती कड शोधायची तेव्हा रेघ जितकी काळी आणि बारीक तितकं बरं. एक अपवाद मात्र आहे. माझा स्कोप फर्स्ट फोकल प्लेनचा, म्हणजे झूमबरोबर रेटिकलही लहान-मोठं होतं. ५ ते २५ पटीच्या स्कोपमध्ये ५ वर आलं की मधल्या रेघा केसासारख्या होतात आणि गवताच्या पार्श्वभूमीवर दिसतच नाहीत. त्या झूमवर काम असेल तर दिव्याने मध्य पटकन सापडतो. सेकंड फोकल प्लेनवाल्यांचं रेटिकल झूमबरोबर बदलत नाही, त्यांना हा त्रास नाही.

बांधावरचा: परवाना घेऊन शेतात घुसणारी रानडुकरं कमी करण्याचं काम मी करतो. दिव्याच्या बाजूने माझ्याइतकं ठामपणे कुणी बोलेल असं वाटत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

काम असतं ते संधिप्रकाशात. भिंग ५६ मिमीचं आणि झूम ८ पट ठेवलं की सात मिलिमीटरची चकती मिळते. तरुण माणसाची बाहुली अंधारात साधारण तेवढीच उघडते. म्हणजे चित्र चांगलं उजळ येतं, जनावर स्पष्ट दिसतं. दिसत नाही ते रेटिकल! काळपट अंगावर काळी रेघ गेली की नाहीशी होते. बाहेरच्या जाड पट्ट्यांवरून मध्याचा अंदाज बांधता येतो, पण जनावरावर अंदाजाने मारू नये, जखमी होऊन पळालं तर त्याचे हाल होतात. मधोमध एक बारीक लाल ठिपका असला की प्रश्नच मिटतो.

पण तो ठिपका मंद हवा, अगदी मंद. अंधाराला डोळा सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात. अंधारात पाहणाऱ्या पेशींना लाल उजेड जवळजवळ कळत नाही, त्यामुळे मंद लाल ठिपक्याने तो सराव फारसा मोडत नाही. तोच ठिपका प्रखर झाला तर त्याच्याभोवतीचं जनावरच झाकोळतं. माझ्या आधीच्या स्कोपची सर्वांत खालची पायरीसुद्धा डोळ्यात खुपायची, आणि ऐन वेळी मी दिवा बंदच ठेवायचो. आत्ताच्या स्कोपची खालची पायरी दिवसा दिसतच नाही. दुकानात पाहणाऱ्याला वाटेल की बिघडलाय. मला नेमकी तीच हवी होती.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो. दिव्याने रेटिकल दिसतं, समोरचं काही जास्त दिसत नाही. जनावर कुठलं आणि त्याच्या मागे काय आहे हे भिंगातून नीट ओळखता येत नसेल तर ठिपका कितीही स्पष्ट असो, बोट ट्रिगरवर जाता कामा नये.

दोन्ही_डोळे_उघडे: वरच्या सगळ्यांच्या उलट माझी गरज. मी धावत-पळत खेळायच्या स्पर्धांना जातो, स्कोप १ ते ६ पटीचा. जवळच्या टार्गेटला १ पट ठेवून दोन्ही डोळे उघडे, आणि भर उन्हात ठिपका नजरेत भरला पाहिजे. बऱ्याच स्कोपवर ‘इल्युमिनेटेड’ लिहिलेलं असतं, पण उन्हात ती लाली ओळखूसुद्धा येत नाही. अशा खेळाला घ्यायचा असेल तर बाहेर उन्हात, उजळ भिंतीवर धरून पाहा. तिथे ठिपका दिसला तरच तो दिवा तुमच्या कामाचा.

चष्मेवाला: मला दृष्टिवैषम्य आहे. रेड डॉटमध्ये (नेमासाठी नुसता लाल ठिपका दाखवणारं साधन) ठिपका कधी गोल दिसलाच नाही, स्वल्पविराम किंवा फुटलेली चांदणी. ठिपका खराब की डोळा, हे बघायला मोबाइलच्या कॅमेऱ्यातून फोटो काढला. फोटोत नीट गोल! म्हणजे कारण डोळ्यातच. काचेवर कोरलेल्या रेटिकलचा स्कोप घेतल्यावर हा जाच संपला. मागचं डायॉप्टर (डोळ्याकडचं फोकसचं कडं) फिरवून रेघ स्वच्छ करून घ्यायची, दिवा अगदी कमी ठेवायचा. वाढवला की त्यालाही पिसारा फुटतो.

हिरव्याच्या_बाजूने: लाल-हिरव्यातला फरक ज्यांना नीट कळत नाही त्यांच्यातला मी, आणि माझ्या प्रकारात लाल रंग मुळातच मंद दिसतो. तपकिरी मातीवर लाल ठिपका मला शोधावा लागतो. हिरवा लगेच दिसतो. रंग बदलता येणारा स्कोप घेतला, सुखी आहे.

दुरुस्तीवाला: रोज स्कोप उघडतो, म्हणून आतली गोष्ट सांगतो. रेटिकल दोन तऱ्हेचं, तारेचं किंवा काचेवर कोरलेलं. कोरलेल्या खाचांमध्ये प्रकाश परतवणारा लेप भरतात आणि नळीच्या कडेला बसवलेला छोटा एलईडी त्यावर उजेड टाकतो. तोच उजेड नळीच्या आतल्या भिंतीवरून परतला की सगळं चित्र लालसर होतं. हा दोष फक्त अंधारात दिसतो, म्हणून बरेच दिवस लक्षात येत नाही.

माझ्याकडे दिव्याची तक्रार घेऊन येणाऱ्या स्कोपमध्ये बहुतेक वेळा बिघाड नसतोच, सेल संपलेला असतो. सीआर २०३२, तीन व्होल्टचा. कडाक्याच्या थंडीत त्याचा जोर कमी होतो, तेव्हा एक जादा सेल खिशात, अंगाच्या उबेत ठेवा. डायलच्या दर दोन पायऱ्यांमध्ये ‘बंद’ची जागा असेल तर फार सोयीचं, आपली पायरी एका खटक्यावर राहते. बिनसेलाचे, ट्रिटियम या किरणोत्सर्गी वायूच्या जोरावर उजळणारेही असतात, पण ट्रिटियमचं अर्धायुष्य १२.३ वर्षं. जुना स्कोप घेताना बनवल्याचं साल विचारा, तेवढी वर्षं झाली असतील तर उजेड निम्म्यावर आलेला असतो.

नवीन_सभासद: सगळं वाचलं. माझी सुरुवात आहे, दिवसाउजेडी ५० मीटरवर कागद. एकाच पैशात दिव्याचा साधा स्कोप किंवा दिव्याविना बऱ्या काचेचा मिळतोय. काय घेऊ?

धागाकर्ती: बऱ्या काचेचा घ्या. दिवा तुम्हाला आत्ता लागणार नाही, काच रोज लागेल. पुढे सावलीतल्या टार्गेटकडे वळलात आणि दिव्याचा बघायला गेलात, तर आधी दिवा बंद ठेवून काळी रेघ कशी दिसते ते पाहा. सेल संपल्यावर तीच उरणार आहे. मग दुकानदाराला खोलीतला दिवा मालवायला सांगा, पाच-दहा मिनिटं थांबा, खालच्या पायरीपासून एकेक वर जा. पहिल्याच पायरीला डोळे दिपले किंवा कडेला लाली पसरली तर तो परत ठेवा. उन्हातली परीक्षा वर ‘दोन्ही_डोळे_उघडे’ यांनी सांगितलीच आहे, पण ती १ पटीवाल्यांसाठी, तुम्हाला नको.