‘कसली कोंबडी!’ : चर्चिलच्या एका टोल्याचं मराठी

दिवाळी अंकासाठी चर्चिलवरचा एक लेख मराठीत आणतोय आणि चार शब्दांपाशी अडलोय. ३० डिसेंबर १९४१, ओटावा, कॅनडाची संसद. चर्चिल सांगतायत: फ्रान्स कोसळत होता तेव्हा ‘आम्ही एकटे लढू’ असं मी बजावलं, तर त्यांचे सेनापती आपल्या पंतप्रधानांना म्हणाले, ‘तीन आठवड्यांत इंग्लंडची मान कोंबडीसारखी मुरगळली जाईल.’ आणि मग, ‘सम चिकन!’ (Some chicken!) सभागृहात हशा. त्यावर ‘सम नेक!’ (Some neck!)

माझ्या खर्ड्यात सध्या ‘काय पण कोंबडी! काय पण मान!’ आहे. कुठेतरी खटकतंय. शिवाय लेखात त्यांना ‘हजरजबाबी’ म्हटलेलं चालेल ना?

*

खटकणारच, नेम चुकलाय. ‘काय पण शहाणा!’ म्हणतो तेव्हा आपण त्या शहाण्याचीच टर उडवतो. इथे टर कोंबडीची नाही, कोंबडी म्हणणाऱ्यांची उडवायचीय. ‘म्हणे कोंबडी!’ करून बघा. ‘म्हणे उद्यापासून पहाटे उठणार!’ यात पहाटेला कोणी नावं ठेवत नाही, बोलणाऱ्यावरच अविश्वास असतो.

*

‘म्हणे’ पहिल्या टोल्याला चपखल, दुसऱ्याला लंगडा. ‘म्हणे मान!’ म्हणजे काय? इंग्लंडला मान आहे की नाही हा वाद नव्हताच. ‘सम नेक’मध्ये कौतुक आहे: मुरगळायला गेलात, पण मान केवढी चिवट निघाली!

माझं मत ‘कसली’ला. ‘कसला खेळतो तो!’ हे वाक्य कट्ट्यावर ऐका. एका सुरात ‘डोंबल खेळतो’, दुसऱ्या सुरात ‘काय जबरदस्त खेळतो’. इंग्रजीतला हा ‘सम’ही असाच सुरावर फिरतो. ‘कसली कोंबडी!’ पहिल्या सुरात, ‘कसली मान!’ दुसऱ्या सुरात. मध्ये ‘नि’ घालू नका. ‘कसली कोंबडी नि कसली मान’ म्हटलं की दोन्ही नाकारल्यासारखं होतं, आणि मधला हशा जिरतो तो वेगळाच.

मान-सन्मानाची कोटी करायचा मोह होईल, तो आवरा. गळ्यामागची मान स्त्रीलिंगी, संस्कृत ‘मन्या’वरून आलेली (वैद्यांचा मन्यास्तंभ आठवा). सन्मानाचा मान पुल्लिंगी. ‘कसली’ म्हटल्याबरोबर तो दरवाजा बंद होतो, आणि बरंच आहे.

*

‘हजरजबाबी’ नको. हजरजबाबी माणूस समोरच्याचं वाक्य संपता संपता उत्तर देतो. इथे समोरचे दीड वर्षापूर्वी बोलून गेले होते! चर्चिल भाषणं सेक्रेटरीला सांगून लिहून घ्यायचे, खाडाखोड करायचे, आणि शेवटची प्रत कवितेसारख्या तुटक ओळींत टंकलेली असायची. हा घरून घडवून आणलेला ‘टोला’ आहे. तोच शब्द वापरा. बाकी त्यांच्या नावावरचे झटपट जबाब जपूनच घ्या. आपल्याकडे जसा कुठलाही चावट किस्सा अत्र्यांच्या खात्यावर जमा होतो, तसंच तिकडे यांचं.

आणि सगळंच ‘मिश्किल’ म्हणून खपवू नका. १९३१मध्ये गांधीजी व्हाइसरॉयला भेटायला गेले तेव्हा हेच गृहस्थ म्हणाले होते की मिडल टेम्पलचा हा राजद्रोही वकील आता फकिराचं सोंग घेऊन अर्धनग्न अवस्थेत प्रासादाच्या पायऱ्या चढतोय. मराठीत याला ‘कुजकट’ म्हणतात. त्यात गांधीजी इनर टेम्पल या लंडनमधल्या दुसऱ्याच वकील-संस्थेचे बॅरिस्टर, म्हणजे टोमणाही चुकलेला.

*

‘कसली’ आणि ‘टोला’ दोन्ही घेतले, आभार. ‘कुजकट’वर संपादक काय म्हणतात बघू. रात्री वडिलांना दोन्ही सुरांत वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, “गावठी असणार. ब्रॉयलरची मान कसली टिकते!”