होमस्कूलिंग: नववी ते बारावीचं इंग्लिश कसं ठरवलंत?

प्रश्न
अमेरिकेत होमस्कूलिंग करतोय, लेक आता नववीत जाईल. मॅथ-सायन्सचं जमलंय पण इंग्लिशपाशी गाडी अडलीये. ग्रामरचं वेगळं, व्होकॅबचं वेगळं, लिटरेचर वेगळं असं सगळं घेतलं तर पोरगी दिवसभर तेच करत बसेल. वाचते भरपूर, पण लिही म्हटलं की चार ओळींत आटपते. तयार कोर्स घ्यावा की घरीच बनवावा? आणि एपी, म्हणजे हायस्कूलमध्येच घ्यायचे कॉलेजच्या पातळीचे कोर्स आणि परीक्षा, ते कधी?

निळीशाई
आधी तुमच्या स्टेटचे नियम बघा, प्रत्येकाचे वेगळे आहेत. बाकी बहुतेक कॉलेजांना इंग्लिशची 4 वर्षं लागतात, युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियालाही तेवढीच. ग्रामर, व्होकॅब, लिटरेचर, लिखाण सगळं मिळून वर्षाचं एकच क्रेडिट (विषय पूर्ण केल्याची नोंद) धरायचं, त्यामुळे चार पुस्तकं घेऊन जास्तीचं काही पदरात पडत नाही.

दोघांचीआई
वाचतेय ना, मग लिटरेचरच्या कोर्सवर पैसे कशाला घालवता, लिखाण तपासणारं माणूस शोधा! आम्ही घेतलेल्या ऑनलाइन कोर्समध्ये प्रत्येक निबंधाखाली 'छान, अजून डिटेल हवं' एवढंच यायचं, त्यातून पोरानं काय शिकायचं? नंतरच्या टीचर वाक्याखाली रेघ मारून 'हे कशावरून म्हणतोस?' विचारायच्या आणि तोच परिच्छेद परत लिहून घ्यायच्या, तेव्हा कुठे फरक पडला. पैसे भरायच्या आधी एखादा तपासलेला निबंध नमुना म्हणून मागा, आढेवेढे घेतले तर सरळ सोडून द्या.

पानगळ
एपी लँग्वेज बरेच जण अकरावीत घेतात आणि लिटरेचर बारावीत, पण सक्ती काही नाही. लँग्वेजच्या परीक्षेत 3 निबंध असतात, म्हणजे लिखाण कच्चं राहिलं तर तिथे उघडं पडतंच. कोर्स न करताही परीक्षा देता येते, पण ट्रान्सक्रिप्टवर (विषय आणि ग्रेडच्या यादीवर) कोर्सला एपी म्हणायचं तर सिलॅबस एपी चालवणाऱ्या कॉलेज बोर्डाकडून मंजूर करून घ्यावा लागतो, घरी शिकवणाऱ्या पालकांनाही ते करता येतं. परीक्षा मे महिन्यात असली तरी जवळची कुठली शाळा बाहेरच्या मुलांना बसू देते ते शाळा सुरू झाल्या झाल्या फोन करून विचारा. नाहीतर एपीऐवजी कम्युनिटी कॉलेजमधला (जवळच्या दोन वर्षांच्या कॉलेजातला) कॉम्पोझिशनचा, म्हणजे लिखाणाचा कोर्स घ्या, फक्त तिथले ग्रेड कायमचे रेकॉर्डवर राहतात.

प्रश्नकर्ती
थँक्स सगळ्यांना! लेक स्विमिंग सिरियसली करते, कॉलेजातही करायचंय म्हणते, त्याने काही फरक पडतो का?

निळीशाई
पडतो! एनसीएए, म्हणजे कॉलेजातले खेळ चालवणारी संघटना, तिच्या सगळ्यात वरच्या डिव्हिजन 1 ला 16 कोर कोर्स (मुख्य विषयांचे कोर्स) लागतात, त्यात इंग्लिशची 4 वर्षं. होमस्कूलवाल्यांना प्रत्येक कोर्सची माहिती भरून द्यावी लागते, कुठली पुस्तकं वापरली, ग्रेड कसे दिले वगैरे. बारावीत आठवत बसण्यापेक्षा नववीपासूनच लिहून ठेवा.