कमी प्रकाशाच्या टाकीतील ठेंगण्या वनस्पती : पाने विरघळत आहेत, दिवा बदलावा का?

पहिली_टाकी (प्रश्न)

नमस्कार. माझी माशांची टाकी ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि ३० उंच आहे. खडी आणि वरची मोकळी जागा वजा जाता तिच्यात सुमारे ४० लिटर पाणी असते. आठ निऑन टेट्रा मासे आणि तळाशी काही चेरी कोळंब्या एवढेच जीव तिच्यात आहेत. टाकीबरोबर मिळालेला एलईडी दिवा मंद आहे आणि वनस्पतींच्या वाढीसाठी पाण्यात सोडतात त्या कार्बन डायऑक्साइडचे सिलिंडर बसवण्याची माझी तयारी नाही, म्हणून लहान राहणाऱ्या आणि कमी प्रकाशात जगणाऱ्या म्हणून सांगितलेल्या वनस्पतीच मुद्दाम आणल्या : अनुबियस नाना पेटीट, क्रिप्टोकोरीन पार्व्हा आणि पुढच्या भागात हिरवा गालिचा व्हावा म्हणून ड्वार्फ हेअरग्रास. मुळांनी पकड घ्यावी म्हणून तिन्ही खडीत चांगल्या खोल रोवल्या.

आज पाच आठवडे झाले. अनुबियसची दोन पाने देठापासून सुटून तरंगताना सापडली. उरलेल्या पानांवर हिरवे टणक ठिपके बसले असून ते चोळूनही निघत नाहीत. क्रिप्टोकोरीनची पाने आधी पारदर्शक झाली, मग ओल्या कागदासारखी फाटत गेली आणि आता केवळ खुंट उरले आहेत. गवताच्या काड्या तपकिरी पडत आहेत. दिवा रोज दहा तास चालू असतो. दुप्पट ताकदीचा दिवा घ्यावा, की हे सारे काढून नव्याने सुरुवात करावी, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

संथवाहिनी

दिवा बदलू नका आणि क्रिप्टोकोरीनचे खुंट तर मुळीच उपटू नका. तिन्ही वनस्पतींची दुखणी वेगवेगळी आहेत.

सर्वांत तातडीचे काम अनुबियसचे आहे. ही मूळची पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतील ओढ्यांच्या काठची वनस्पती. तिथे ती खडकांना आणि बुडालेल्या लाकडांना मुळांनी घट्ट धरून वाढते. पाने आणि मुळे यांच्यामध्ये आल्याच्या गाठीसारखी जी आडवी कांडी दिसते, तेच तिचे खोड. आले मातीत पुरतात, तशी हीही पुरावी असे वाटणे साहजिक आहे, पण अनुबियसची कांडी खडीखाली गेली की तिच्याभोवती पाणी खेळत नाही आणि ती कुजू लागते. पाने देठापासून सुटत आहेत, याचा अर्थ कूज बहुधा सुरू झाली आहे. आजच रोप अलगद वर काढा आणि कांडी दोन बोटांत हलकेच दाबून पाहा. निरोगी भाग टणक लागतो. कुजलेला भाग शिजल्यासारखा मऊ असतो आणि त्याला उग्र वास येतो. काप आतून स्वच्छ, फिकट हिरवा दिसेपर्यंत धारदार पात्याने कापत जा. दोन पाने आणि सेंटिमीटरभर टणक कांडी उरली तरी रोप सहसा वाचते.

उरलेले रोप दगडावर सुती दोऱ्याने बांधा किंवा जेल स्वरूपातील सुपरग्लूच्या थेंबाने चिकटवा. हा गोंद म्हणजे सायनोअ‍ॅक्रिलेट. पाण्याच्या स्पर्शाने तो लगेच कडक होतो आणि कडक झाल्यावर त्याचा माशांना किंवा कोळंब्यांना अपाय होत नाही. पांढरा डाग मात्र दिसतो, तो पुढे मुळांखाली झाकला जातो.

क्रिप्टोकोरीनच्या पानांचे विरघळणे हा त्या वंशाचा स्वभावच आहे. रोपवाटिकेत ही रोपे बहुधा मुळे ओलाव्यात आणि पाने हवेत ठेवून वाढवतात, कारण तशी वाढ जलद होते. टाकीत आल्यावर हवेतली पाने निरुपयोगी ठरतात. रोप ती टाकून देते आणि मुळे जिवंत असतील तर काही आठवड्यांनी पाण्यातली वेगळी पाने काढते. कुजकी पाने तेवढी कात्रीने काढा, म्हणजे पाण्यात माशांना घातक असा अमोनिया वाढणार नाही. रोप मेले असे समजून जो ते उपटून पाहतो, तो खरोखर त्याला मारतो. मी स्वतः पहिल्या वर्षी अशी सहा रोपे घालवली आणि त्यांची पांढरीशुभ्र, धडधाकट मुळे हातात आल्यावर झालेली हळहळ अजून विसरलेले नाही.

काचेपलीकडे

वरील सल्ल्याशी पूर्ण सहमत आहे. पार्व्हाविषयी मात्र थोडी भर घालतो. श्रीलंकेतील ही वनस्पती तिच्या वंशातली सर्वांत लहान मानली जाते आणि उंचीने पाच-सहा सेंटिमीटरच्या आसपास राहते. कमी प्रकाशाच्या यादीत तिचे नाव सर्रास असते, परंतु भावंडांच्या तुलनेत तिला उजेड जास्तच लागतो, कारण तिची पाने इतकी अरुंद असतात की प्रकाश टिपायला त्यांच्याजवळ पृष्ठभागच थोडा असतो. मंद दिव्याखाली ती तग धरते, पण वाढ नजरेला जाणवत नाही. तिला दिव्याच्या बरोबर खाली, इतर पानांची सावली पडणार नाही अशी जागा द्या. सावलीच्या कोपऱ्यात क्रिप्टोकोरीन वेंडटाय लावावी. ती थोडी मोठी होते, पण खरी सोशिक आहे. दगडांवर लावण्यासाठी बोर्निओच्या ओढ्यांमधली ब्युसेफॅलँड्राही उत्तम, मात्र तिचीही कांडी उघडीच ठेवायची.

हेअरग्रासचा नाद या टाकीत सोडावा, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याचा दाट गालिचा होण्यासाठी तीव्र प्रकाश आणि वरून दिलेला कार्बन डायऑक्साइड, दोन्ही लागतात. पुढचा भाग हिरवा हवाच असेल तर चपट्या दगडांवर जावा मॉसचा अगदी पातळ थर जाळीने बांधा आणि ते दगड एकमेकांना लागून मांडा. मॉस वाढले की कात्रीने भादरत राहावे. (या मॉसला व्हेसिक्युलारिया डुबियाना हे नाव अनेक वर्षे चिकटलेले होते, टाक्यांमध्ये सहसा असते ते टॅक्सिफायलम बार्बिएरी.)

आता दिव्याविषयी. सिलिंडर नसलेल्या टाकीत विरघळलेला कार्बन डायऑक्साइड लिटरमागे जेमतेम काही मिलिग्रॅम असतो. सिलिंडर लावणारे तो ३० मिलिग्रॅमच्या आसपास नेतात. कार्बन तेवढाच ठेवून दिवा दुप्पट केला, तर वाढीव प्रकाश वनस्पतींना वापरताच येत नाही आणि तो शेवाळाच्या पथ्यावर पडतो. अनुबियसचे एक पान महिनोन्‌महिने टिकते, त्यामुळे हिरव्या ठिपक्यांच्या शेवाळाला तिथे बस्तान बसवायला भरपूर अवधी मिळतो. म्हणून दिवा वाढवण्याऐवजी त्याची वेळ सहा ते सात तासांवर आणा आणि त्यासाठी टायमर लावा, कारण आपल्या हाताने ती वेळ रोज पाळली जात नाही. टाकीवर खिडकीचे ऊन येत असेल तर तेही अडवावे. सर्वाधिक ठिपके असलेली एक-दोन पाने कापून टाका. अनुबियस मात्र दिव्याच्या मध्यापासून दूर, लाकडाच्या आडोशाला ठेवा.

पहिली_टाकी

दोघांचेही मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहीत आहे. अनुबियसची कांडी निम्मी कुजलेली निघाली. टणक उरलेला तुकडा दगडावर चिकटवला आणि काल त्याच्या टोकाशी गुंडाळीसारखे वळलेले, पोपटी रंगाचे पान दिसले. दिवा सात तासांवर आणल्यापासून नव्या ठिपक्यांची भर पडलेली नाही. गवत काढून टाकले. क्रिप्टोकोरीनच्या सहापैकी चार खुंटांतून टाचणीएवढी कोंबे बाहेर आली आहेत आणि ती पहिल्या पानांपेक्षा बरीच बारीक आहेत. ती अशीच असतात का? माझी खडी साधी आहे, तिच्यात पोषण असे काही नाही. मुळांजवळ खताची गोळी पुरावी असे वाटते, परंतु कोळंब्यांना तांबे सोसत नाही असे ऐकले असल्याने धीर होत नाही.

संथवाहिनी

पाण्यातली पाने हवेतल्या पानांपेक्षा बारीक आणि मऊ येतात. कोंबे योग्यच आहेत. क्रिप्टोकोरीन आपले बरेचसे पोषण मुळांवाटे घेते, तेव्हा साध्या खडीत तिला गोळी द्यायलाच हवी. चार रोपांच्या मधोमध एक गोळी चिमट्याने खडीच्या तळापर्यंत दाबा. वर राहिली तर ती पाण्यात विरघळून शेवाळाला खाद्य मिळेल. वनस्पतींच्या खतातले तांबे अत्यल्प असते आणि वेष्टनावरील प्रमाण पाळल्यास कोळंब्यांना त्याची बाधा सहसा होत नाही. भीती बाळगायची ती तांबेयुक्त शेवाळनाशकांची आणि माशांच्या काही औषधांची. ठिपके परत दिसले तरी असले औषध या टाकीत घालू नका. दोन नेराइट गोगलगायी सोडा, त्या काच आणि पाने दोन्ही खरवडतात. त्या लाकडावर पांढरी टणक अंडी चिकटवतात, पण गोड्या पाण्यात त्यांची पिले वाढत नाहीत, त्यामुळे संख्या वाढण्याची चिंता नाही.