मदत हवी आहे: जांभ्यावर अर्थिंग आणि पंपाचा पॅनल

नमस्कार मंडळी. देवगडजवळच्या आमच्या वाडीची नळयोजना मी बघतो. मृगाच्या तोंडावर शेजारच्या माडावर वीज पडली नि पंपाचा कंट्रोल पॅनल गेला. मेनला टाइप २ एसपीडी (विजेची अचानक आलेली लाट अडवणारं उपकरण) आहे, तो शाबूत. पण टाकीतल्या लेव्हल सेन्सरची वायर जिथे पॅनलमधल्या इलेक्ट्रॉनिक कार्डाला जोडली, तिथला तांब्याचा पट्टाच उडालाय, बाजू काळी पडलीये. म्हणजे लाट त्या २०० फूट वायरीतूनच आली असणार. तिला संरक्षण काहीच नव्हतं.

खाली सगळा जांभा, अर्थिंगचा रोध २२ ओहमच्या खाली येत नाही. मीठ घातलं तर रॉड लवकर गंजेल ना? बेंटोनाइट (ओल धरून ठेवणारी चिकणमाती) कुणी वापरलंय का? आणि सेन्सरची केबल जीआय पाइपातून नेली, तर पाइप दोन्ही टोकांना अर्थ करायचा की एकाच? बायामाणसांनी चार दिवस विहिरीवरून पाणी वाहिलं, पुन्हा ती वेळ येऊ द्यायची नाही.