शब्दचर्चा: 'हिर्शगुलाश' आणि 'क्न्योडल' मराठीत कसे लिहावेत?

विचारणा

आमच्या इथल्या (बव्हेरिया) मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात यंदा स्थानिक पाककृतींचं सदर आहे. माझ्या वाट्याला हिर्शगुलाश आणि झेम्मलक्न्योडल आलंय, म्हणजे हरणाचं मांस रेड वाइनमध्ये मुरवत शिजवायचं आणि सोबत शिळ्या पावाचे उकडलेले गोळे. पदार्थ घरात नेहमी होतो, अडलंय ते शब्दांपाशी. रानातल्या जनावराच्या मांसाला जर्मनमध्ये 'विल्ड' हा एकच सुटसुटीत शब्द आहे, त्याला मराठीत काय म्हणू? 'श्मोरेन' या क्रियेला नुसतं 'शिजवणे' म्हटलं तर मोघम वाटतं. आणि क्न्योडलला 'मोदक' म्हटलं तर चालेल का? अंक पुण्या-कोल्हापूरकडचे आईवडीलही वाचतात. त्यांना वाचून पदार्थ करता आला पाहिजे.

प्रतिसाद

ताई, मोदक नको. मोदक म्हटलं की पारी आली, सारण आलं, वरची शेंडी आली. झेम्मलक्न्योडलमध्ये यातलं काहीच नाही. पोटात अख्खा जर्दाळू घालून करतात त्या ऑस्ट्रियातल्या मारिलेनक्न्योडलला हवं तर मोदकाच्या घरातलं म्हणा.

माझ्या मते हातांची हालचाल काय होते ते बघावं आणि त्यावरून शब्द घ्यावा. मुठीत दाबला की मुटका, त्यावर बोटांचे ठसे राहतात आणि ते राहिलेलेच छान दिसतात. हुलग्याच्या पिठाची वळी लांबवून वळसा दिला की शेंगोळं. लाटून कापलं आणि आमटीत सोडलं की चकोल्या. क्न्योडलची गोष्ट वेगळी. पावाच्या फोडींवर कोमट दूध घालायचं, अंडी, परतलेला कांदा, पार्सली आणि जायफळ घालून अर्धा तास झाकून ठेवायचं. मग तळहात पाण्याने ओले करून गोल वळायचं आणि पृष्ठभागावर एकही भेग राहू द्यायची नाही. भेगेतून पाणी शिरलं की गोळा पातेल्यातच विरघळायला लागतो. म्हणून मुटकाही नको. सरळ 'पावाचे गोळे' म्हणा. आपल्याकडे गोळ्यांची आमटी आहेच, आणि तिथेही जाणत्या बायका आधी एकच गोळा उकळीत सोडून बघतात, फुटला तर मिश्रणात पीठ वाढवतात. बव्हेरियातही अगदी हेच करतात. त्या पहिल्या गोळ्याला 'प्रोबेक्न्योडल' असं नावच आहे, आणि तो सुटला तर मिश्रणात पावाचा चुरा घालतात. हा दुवा तुमच्या वाचकाला एका ओळीत कळेल.

शब्दाचं मूळही सांगण्यासारखं आहे. जुन्या जर्मनमधल्या 'क्नोड', म्हणजे गाठ, या शब्दापासून क्न्योडल आला. उत्तरेकडे आणि मध्य जर्मनीत 'क्लोस' म्हणतात, त्याचा अर्थ ढेकूळ, गोळा. थुरिंगियातले क्लोस कच्चा बटाटा किसून, पिळून आणि त्यात थोडा शिजवलेला बटाटा मिसळून करतात, मधोमध तळलेल्या पावाचे तुकडे ठेवतात. म्हणजे 'पावाचे गोळे' हे नाव सगळ्यांना लागू पडणार नाही, तुमच्या पदार्थापुरतंच ठेवा. पदार्थ जुनाही आहे. इटलीच्या उत्तर टोकाला असलेल्या जर्मनभाषक दक्षिण टिरोलमधल्या होखएप्पान किल्ल्याच्या प्रार्थनाघरात इ.स. १२००च्या सुमाराचं भित्तिचित्र आहे, त्यात येशूच्या जन्माच्या प्रसंगाशेजारी एक बाई क्न्योडल खाताना दाखवली आहे.

आता 'श्मोरेन'. यासाठी 'दम देणे' सुचवतील बरेच जण, पण दमात मांस आधी खरपूस करून घ्यायची अट नसते आणि भांडं कणकेने बंद करतात. 'वाफवणे' तर नाहीच. श्मोरेनमध्ये दोन टप्पे असतात: आधी कडकडीत तुपात फोडी थोड्या थोड्या घालून चांगल्या तांबूस परतायच्या (सगळ्या एकदम घातल्या की पाणी सुटतं आणि रंग येत नाही), मग बेताचा द्रव घालून झाकण ठेवून मंद आचेवर तास-दोन तास. या दुसऱ्या टप्प्याला आपल्या स्वयंपाकघरात इतका नेमका शब्दप्रयोग आहे की मला कुठल्याही परक्या शब्दाची गरज वाटत नाही: 'झाकणावर पाणी ठेवून अंगच्या रसात शिजवणे'. गार पाण्यामुळे झाकण थंड राहतं, आतली वाफ त्याला लागून थेंब थेंब परत खाली पडते. लागलंच तर तेच तापलेलं पाणी आधण म्हणून वापरता येतं, म्हणजे गार पाणी ओतल्याने मांस आखडतं तसं होत नाही. बिडाच्या जाड झाकणाचं जर्मन भांडं हेच काम करतं.

इथे एक शब्द मात्र कटाक्षाने टाळा. 'रटरट शिजवा' लिहू नका. हरणाच्या मांसात चरबी फार कमी. ते खदखदलं की धागे आवळतात आणि रस बाहेर पडतो, फोडी लाकडासारख्या होतात. खांद्याच्या आणि मानेच्या मांसात चिवट पापुद्रे भरपूर असतात, ते मंद आचेवर हळूहळू विरघळून रश्शाला चिकटपणा देतात. 'एखाद-दुसरा बुडबुडा वर येत राहील इतपत आच' असं लिहा. गोळ्यांनाही हीच आच: खारवलेलं पाणी उकळून आच उतरवायची, मग पंधरा-वीस मिनिटं त्यात राहू द्यायचे.

प्रतिसाद

'विल्ड'साठी 'शिकार' हा शब्द कुणी अजून घेतला नाही याचं आश्चर्य वाटलं. मराठीत शिकार म्हणजे मारण्याची क्रिया, आणि मारलेलं जनावरही. 'शिकार वाटून घेतली' हे वाक्य गावाकडे कुणालाही समजावून सांगावं लागत नाही. इंग्रजी 'व्हेनिसन'चा प्रवासही असाच, लॅटिनमध्ये मूळ शब्दाचा अर्थ शिकार. संस्कृतात मृग म्हणजे आधी कुठलंही रानटी जनावर, म्हणून तर सिंहाला मृगेंद्र म्हणतात. हरणापुरता अर्थ नंतर आकसला. तेव्हा 'शिकारीचं मटण' म्हणा, अर्थ पुरता पोचतो.

प्रतिसाद

'शिकारीचं मटण' सुंदर आहे, पण महाराष्ट्रातल्या वाचकासाठी त्यासोबत एक वाक्य हवंच. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हरणाची शिकार गुन्हा आहे. जर्मनीत परीक्षा देऊन परवाना मिळवलेला शिकारी ठरलेल्या हंगामात, ठरवून दिलेल्या संख्येत हरणं मारतो आणि ते मांस रीतसर विकलं जातं. हे लिहिलं नाही तर आजोबा घाबरतील. बाकी 'मटण' बोकडाचंच असं आमच्या कोल्हापूरकडे बोलताना कुणी मानत नाही, सशाचं मटण, डुकराचं मटण सर्रास म्हणतात. शीर्षकात 'हरणाचं मटण' बिनधास्त लिहा.

विचारणारीकडून

फार मदत झाली. दोन शंका राहिल्या. 'हिर्श' म्हणजे नेमकं कुठलं हरीण? काळवीट लिहू का? आणि मसाल्यांत 'वाखोल्डर' आणि 'लोरबेअर' आहेत. दुसऱ्याला मी तमालपत्र लिहिलंय.

प्रतिसाद

काळवीट नको. काळविटाची शिंगं कायमची असतात. हिर्शची शिंगं दरवर्षी गळून नव्याने फुटतात, त्यांना फाटे असतात. तो आपल्या सांबराच्या आणि त्याहून जवळ काश्मीरच्या हंगुलच्या गोतातला. 'तांबडं हरीण' लिहा. मेन्यूकार्डावर 'रे' दिसतं ते निराळं, आकाराने बरंच लहान, मांस जास्त कोवळं. त्याला भेकर म्हणायचा मोह होतो, पण भेकर वेगळी जात आहे. तिथे मूळ नावच राहू द्या.

लोरबेअर म्हणजे तमालपत्र नव्हे, ही गल्लत फार पसरली आहे. दोन्ही पानं शेजारी ठेवून बघा. तमालपत्राला देठापासून टोकाकडे जाणाऱ्या तीन ठळक शिरा असतात आणि वास दालचिनीकडे झुकतो. लोरबेअरला मधोमध एकच शीर, वास कडसर-औषधी. तमालपत्र घातलं तर पदार्थ बिघडत नाही, पण आपल्या मटणाच्या वासाकडे सरकतो. 'युरोपी तेजपान' असं लिहून पुढे 'तमालपत्र नव्हे' म्हणा. वाखोल्डरला मात्र आपल्याकडे जुनं नाव आहे, आयुर्वेदातली हपुषा. काष्ठौषधींच्या दुकानात विचारता येईल. किलोभर मांसाला सहा-सात फळं पुरे, घालण्यापूर्वी खलबत्त्यात ठेचून. जास्त झाली तर कडवटपणा येतो.

प्रतिसाद

एक भर. चेक लोकांच्या क्नेडलिकला 'गोळा' म्हणू नका हं, अंकात कुणी त्यावर लिहिणार असेल तर सांगा. ते पीठ अळूवडीच्या उंड्यासारखं लांब वळून अख्खं उकडतात आणि दोऱ्याने काप करतात, सुरीने दाबलं तर चिकट होतात. 'उकडलेला उंडा' शोभेल.

विचारणारीकडून

शीर्षक ठरलं: 'हरणाचं मटण, झाकणावर पाणी ठेवून शिजवलेलं, सोबत पावाचे गोळे', आणि खाली बारीक अक्षरांत हिर्शगुलाश व झेम्मलक्न्योडल. आईसाठी एक तळटीपही घालतेय: हरणाऐवजी बोकडाच्या खांद्याचं मटण घ्यावं, शेवटी जे आंबटगोड लाल प्राइझलबेअर घालतात त्याऐवजी चमचाभर करवंदाचा जॅम चालेल, आणि कुकर लावायचाच असेल तरी परतण्याचा टप्पा गाळू नये.