आमदारकी सोडून माइकसमोर: रेफ मेअर

पानवाला: कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया (बीसी) प्रांताबद्दल वाचताना रेफ मेअर हे नाव सारखं समोर येतं. आधी मंत्री, मग रेडिओवर. पक्षातून आलेल्या माणसावर श्रोत्यांनी विश्वास कसा ठेवला? आणि अब्रुनुकसानीच्या कायद्यात त्यांचं नाव कशाला?

तिरपागडा: पेशाने वकील. 1975 मध्ये सोशल क्रेडिट पक्षाकडून कॅमलूप्सचे आमदार, मग प्रांतप्रमुख बिल बेनेट यांच्या मंत्रिमंडळात ग्राहक व्यवहार, पर्यावरण, आरोग्य अशी खाती. कॅनडाच्या राज्यघटनेच्या वाटाघाटींतही प्रांताची बाजू तेच मांडत. 1981 मध्ये राजकारण सोडून सीजेओआर रेडिओ केंद्रावर, 1984 पासून 2003 पर्यंत सीकेएनडब्ल्यू केंद्रावर.

खरं भांडवल त्या वाटाघाटींचं. 1992च्या शार्लटटाउन कराराला, म्हणजे घटना बदलण्याच्या प्रस्तावाला, पंतप्रधान मल्रोनी आणि दहाही प्रांतप्रमुख झाडून राजी होते. त्यात क्वेबेकला कनिष्ठ सभागृहात 25 टक्के जागांची कायमची हमी होती. लोकसंख्या वाढत्या बीसीला ते झोंबलं. मेअर रोज सकाळी विरोधात बोलत राहिले. 26 ऑक्टोबरच्या सार्वमतात देशभरात नकार सुमारे 54 टक्के, बीसीत 68.

नदीकाठ: पक्षाचा भोंगा म्हणाल तर केमानो प्रकल्प बघा. अल्कन कंपनीला किटिमॅटच्या ॲल्युमिनियम कारखान्याच्या विजेसाठी नेचाको नदीचं आणखी पाणी वळवायचं होतं, म्हणजे फ्रेझर खोऱ्यातल्या सॅमन माशांच्या मुळावर. त्यासाठीचा 1987चा समझोता मेअर यांच्याच जुन्या पक्षाच्या सरकारने केलेला. त्याच्यावर ते तुटून पडले. 1995 मध्ये प्रकल्प रद्द केला तो प्रतिस्पर्धी एनडीपी पक्षाच्या हारकोर्ट सरकारने!

कलमबहाद्दर: आता खटला. ऑक्टोबर 1999 मध्ये संपादकीयात त्यांनी, शाळेत समलिंगी कुटुंबांची पुस्तकं नकोत म्हणणाऱ्या एका कार्यकर्तीची तुलना थेट हिटलरशी केली. तिने अब्रुनुकसानीचा दावा लावला. कोर्टाने अर्थ काढला: बाई समलिंगींवरच्या हिंसेला मान्यता देतील. मेअर साक्षीत म्हणाले, मला असं म्हणायचंच नव्हतं. इथेच गोची. रास्त टीकेच्या बचावाला 'माझं हे प्रामाणिक मत आहे' हे लागायचं. जो अर्थ आपला नाहीच, तो प्रामाणिकपणे मानतो असं कसं सांगणार? खालच्या कोर्टात जिंकले, अपिलात हरले. 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कसोटीच बदलली: सिद्ध झालेल्या तथ्यांवरून *कोणीही* माणूस प्रामाणिकपणे तसं मत मांडू शकेल का? मेअर सुटले.

पानवाला: मग मनात नसलं तरी काहीही बोलायला मोकळीक?

कलमबहाद्दर: छे. विषय सार्वजनिक हिताचा हवा, बोलणं मत म्हणून ओळखू यायला हवं, खालची तथ्यं खरी हवीत, आणि त्यानंतरही वादीने आकस सिद्ध केला तर बचाव गेला. तथ्यं श्रोत्यांना माहीत असावी लागतात किंवा कार्यक्रमात सांगावी लागतात. मेअर यांनी त्या दिवशी सगळी पार्श्वभूमी सांगितली नव्हती. पण तो वाद त्यांच्या श्रोत्यांना आधीच ठाऊक होता, म्हणून निभावलं.